दरडोई म्हणता, पण डोई कुणाची?

प्रति,
मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतील नियोजन समित्यांचे सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

माझं सासर तुळजापूर. नोकरी मात्र मी शेजारच्या तालुक्यातल्या एका नगरपालिकेत केली, ३१ वर्षं. निम्मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर आणि निम्मी आरोग्य व पाणीपुरवठा विभागात. आकडे गोळा करायचे, रकान्यांत भरायचे, उभी-आडवी बेरीज जुळवायची आणि वर पाठवायचे, हेच आयुष्यभराचं काम. त्यामुळे आकड्यांवर माझा राग नाही, जीव आहे. म्हणूनच आकडा चुकीच्या जागी बसवलेला दिसला की मला राहवत नाही.

काही महिन्यांपूर्वी एका बैठकीला नागरिक म्हणून बसायचा योग आला. पडद्यावर एक तक्ता होता. यात्रेची आणि पर्यटनाची शहरं एकाखाली एक मांडलेली. पुढे दरडोई कचरा, दरडोई पाणी, दरडोई खर्च, लाखामागे गुन्हे असे रकाने. मोठी शहरं खाली आणि लहान तीर्थक्षेत्रं प्रत्येक रकान्यात वर. कचरा जास्त, पाणी जास्त, खर्च जास्त, चोऱ्या जास्त. तक्ता दाखवणाऱ्या साहेबांनी त्यावरून सरळ निष्कर्ष काढला की या गावांना शिस्त नाही आणि दिलेला पैसा मुरतो. सभागृहात माना हलल्या. मी हात वर केला होता, पण वेळ संपली होती. तेव्हा जे बोलायचं होतं ते या पत्रात लिहिते आहे.

सुरुवात गेल्या कोजागरीपासून करते. अश्विनी पौर्णिमेला सोलापूरकडून तुळजापूरला माणसं चालत येतात, हे आपल्याला माहीत आहेच. रस्ता वाहनांना बंद करावा लागतो इतकी माणसं. आम्ही दरवर्षी दारात पाण्याचे माठ आणि चहा ठेवतो. त्या रात्री एक बाई ओट्यावर येऊन बसली, पायाला फडकं गुंडाळलेलं, गळ्याला हात लावून रडत होती. "माझी पोत गेली की ओ अक्का, गर्दीत कुणी तोडली कळलंच नाही." गाव विचारलं तर आळंद तालुका, कलबुर्गी जिल्हा. तिचा मुलगा आणि मी तिला घेऊन पोलिसांच्या मदत केंद्रावर गेलो. तिथल्या हवालदारानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. कानडी गावाचं नाव नीट उमटावं म्हणून दोनदा विचारून पत्ता लिहिला: मुक्काम, तालुका, जिल्हा, राज्य.

आता या एका चोरीचा हिशेब बघा. वर्षअखेरीला ती तुळजापूरच्या खात्यात जमा होणार, आणि ते बरोबरच आहे, चोरी इथंच झाली. पण गुन्ह्यांचा दर काढताना त्या आकड्याला लोकसंख्येनं भागतात. ती लोकसंख्या म्हणजे तुळजापूरच्या रहिवाशांची, २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ३४ हजार. त्या ३४ हजारांत आळंदची बाई नाही. तिची डोई तिच्या गावात मोजलेली आहे. म्हणजे ती अंशात आमच्याकडे आणि छेदात कर्नाटकात. तिची पोत गेल्यानं आमच्या गावाचा दर वर चढला. तिच्या गावात ती आणि तिच्यासारखी माणसं घर बंद करून यात्रेला गेली, तरी तिथला छेद तसाच भरलेला राहिला.

दरडोई या शब्दातच अट आहे. ज्या डोयांनी अंश घडवला त्याच डोया छेदात हव्यात. कोल्हापूर, सोलापूर, लातूर, बिदर, कलबुर्गी, हैदराबाद इथून आलेल्या माणसांनी घडवलेला आकडा फक्त गावच्या रहिवाशांच्या डोक्यावर वाटला, तर त्या भागाकाराला काही अर्थ उरत नाही.

नेमका किती फरक पडतो हे कळावं म्हणून एक नुसतं उदाहरण घेते. हे कुठल्याही खऱ्या गावाचे आकडे नाहीत, हिशेब सोपा जावा म्हणून धरलेत. एका यात्रेच्या गावात ३५ हजार रहिवासी आणि वर्षात १४० चोऱ्या. लाखामागे दर आला ४००. एका मोठ्या शहरात १२ लाख रहिवासी आणि २,४०० चोऱ्या. लाखामागे २००. तक्ता सांगेल की यात्रेचं गाव दुप्पट असुरक्षित. आता धरा की त्या गावात रोज सरासरी १ लाख ४० हजार माणसं येतात आणि प्रत्येक जण सहा तास थांबतो. सहा तास म्हणजे पाव दिवस, म्हणजे ३५ हजार पूर्ण दिवसांची माणसं. गावात कुठल्याही क्षणी सरासरी ७० हजार माणसं आहेत. १४० ला ७० हजारांनी भागा, लाखामागे दर येतो २००, शहराइतकाच. त्या मोठ्या शहरातही रोज ५० हजार पाहुणे असतात असं धरलं तर? छेद १२ लाखांचा साडेबारा लाख झाला, दर २०० चा १९२ झाला. पाहुण्यांनी मोठ्या शहराचा दर जरासा हलतो, लहान गावाचा निम्मा होतो. म्हणून अशा तक्त्यात लहान तीर्थक्षेत्रं नेहमी वरच दिसणार. त्यात त्या गावाच्या शिस्तीचा काही संबंध नाही, छेद लहान असण्याचा आहे.

लहान छेदाची आणखी एक खोड आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली देशातला खुनाचा दर लाखामागे २.१ होता. ३५ हजारांच्या गावात वर्षात एक खून झाला तर लाखामागे दर होतो २.९. एकच घटना आणि गाव देशाच्या सरासरीच्या वर. दोन झाल्या तर ५.७. पुढच्या वर्षी एकही झाला नाही तर शून्य, म्हणजे शंभर टक्के घट. पहिल्या वर्षी ठाणेदाराची बदली करायची आणि दुसऱ्या वर्षी त्याचा सत्कार करायचा का? इतक्या लहान आकड्यांवर क्रमवारी लावणं म्हणजे एका पावसावरून अवर्षण की अतिवृष्टी ठरवण्यासारखं आहे. मराठवाड्याच्या शेतकऱ्याला तरी ते सांगावं लागू नये. त्याच राष्ट्रीय अहवालाच्या सुरुवातीला एक सूचना असते की गुन्ह्यांत वाढ होणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या चौकीवरच्या हवालदारानं त्या बाईला परत पाठवलं असतं तर आमचा दर कमी राहिला असता. दर कमी ठेवण्याचं बक्षीस मिळतं असं एकदा ठरलं, की तक्रार न घेण्याकडे कल वाढणार. याची मला मनापासून भीती वाटते, कारण त्यात पहिला बळी परगावच्या गरीब बाईचाच जातो.

जगात ही चूक करून झालेली आहे. व्हॅटिकन हा हजाराच्या आत रहिवासी असलेला देश, पण वर्षाला लाखो यात्रेकरू आणि पर्यटक. पाकीटमारीच्या तक्रारी रहिवाशांच्या संख्येनं भागल्या की तो जगातला सर्वांत गुन्हेगार देश ठरतो. लक्झेंबर्गचं उलट. तिथल्या कामगारांपैकी जवळपास निम्मे रोज फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून येतात आणि संध्याकाळी घरी जातात. त्यांची कमाई देशाच्या उत्पन्नात धरली जाते, डोकी धरली जात नाहीत, आणि दरडोई उत्पन्न आहे त्याहून फुगलेलं दिसतं. चूक एकच आहे. कुठं तिच्यामुळे बदनामी होते, कुठं कौतुक.

आता माझ्या स्वतःच्या टेबलाची गोष्ट सांगते, कारण यावरचा उपाय मी तिथंच शिकले. १९९४ चं साल असेल. वरून पत्र आलं की आपल्या गावचा जन्मदर आसपासच्या भागापेक्षा फार जास्त आहे, कुटुंबनियोजनाचं काम ढिलं दिसतं, आठ दिवसांत खुलासा करावा. मी नवी होते, घाबरले. आमचे हेडक्लार्क होते, त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. ते म्हणाले, "पोरी, खुलासा नंतर लिहू. आधी रजिस्टर आण." संध्याकाळी कार्यालय सुटल्यावर आम्ही दोघं बसलो. जन्माची नोंद कायद्यानं जिथं जन्म होतो तिथं होते. १९६९ च्या कायद्यापासून तसंच आहे. पण नोंदीच्या कागदावर आईचा पत्ताही असतो. काकांनी एक तांबडी पेन्सिल काढली आणि जिचा पत्ता गावाबाहेरचा तिच्या नोंदीपुढं एक टिंब द्यायला सांगितलं. एक रजिस्टर झालं, दुसरं काढलं. पानंच्या पानं तांबडी झाली. दुसऱ्या संध्याकाळी बेरीज केली तेव्हा निम्म्याहून जास्त बाळंतिणी खेड्यांतल्या निघाल्या. गावात सरकारी दवाखाना होता, दोन-तीन खासगी होते आणि पंचवीस-तीस किलोमीटरच्या परिसरात दुसरं काही नव्हतं. बाया जीपमधून, बैलगाडीतून यायच्या, बाळंत व्हायच्या, सव्वा महिन्यासाठी माहेरी जायच्या. अंशात आमच्याकडे, छेदात आपल्या खेड्यात.

खुलासा गेला आणि पुन्हा विचारणा आली नाही. पण काका त्या दिवशी जे बोलले ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. ते म्हणाले, "आपली बदनामी टळली, पण खरी गोष्ट कुणाला दिसलीच नाही. त्या खेड्यांचा जन्मदर कागदावर कमी दिसतो, म्हणून तिथं कुणी विचारत नाही की या बाया इतक्या लांब का येतात." चुकीच्या छेदानं दोन ठिकाणी नुकसान होतं. जिथं आकडा चढतो तिथं विनाकारण बोल लागतो आणि जिथं उतरतो तिथली अडचण झाकली जाते.

अंबाजोगाईत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. बीड, लातूर, परभणीकडचे अत्यवस्थ रुग्ण तिथं जातात आणि जे वाचत नाहीत त्यांची नोंद तिथंच होते. म्हणून अंबाजोगाईची हवा वाईट आहे असं कुणी म्हणत नाही. सगळ्यांना कळतं. मग हेच तुळजापूर, औंढा नागनाथ, परळी, पैठण, माहूर यांच्याबाबतीत का कळू नये?

पाण्याचा प्रश्न मी जवळून बघितला आहे, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहिते. शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर हा नेहमीचा मापदंड. ३५ हजारांच्या गावाला रोज ४७ लाख २५ हजार लिटर लागतील. योजना त्यावर आखली जाते, टाकी, पंप आणि नळ त्यावर ठरतात. आता नवरात्रातला एक दिवस घ्या आणि समजा एक लाख माणसं आली. केंद्र सरकारच्या २०१३ च्या मलनिःसारण मार्गदर्शिकेत तात्पुरत्या लोकसंख्येसाठी वेगळा हिशेब दिला आहे: जिथं अंघोळीची सोय आहे तिथं माणशी ४५ लिटर, आणि नुसतं येऊन जाणाऱ्या, सार्वजनिक सोयी वापरणाऱ्या यात्रेकरूला १५ लिटर. निम्मी माणसं मुक्कामाला राहून अंघोळ करणारी धरली तर साडेबावीस लाख लिटर, उरलेल्यांना साडेसात लाख. एकूण ३० लाख लिटर, एका दिवसात, रहिवाशांच्या ४७ लाखांवर. म्हणजे देशाच्या कागदपत्रांत यात्रेकरू माणूस म्हणून मोजायची सोय आहे. फक्त आपल्या तक्त्यात ती उतरत नाही. तक्त्यात ते ७७ लाख लिटर ३५ हजारांनी भागले जातात आणि माणशी २२० लिटर असा आकडा येतो. मग म्हणतात, दुष्काळी भागात असून ही गावं पाणी उधळतात. त्याच नवरात्रात गल्लीतल्या बाया दोन हंड्यांसाठी रात्री जागतात, कारण पाणी भक्तनिवासांकडे आणि लॉजकडे वळलेलं असतं. रहिवाशाच्या वाट्याचं पाणी कमी झालं आणि आकड्यात मात्र त्याच्याच नावावर जास्त लागलं. त्या बायांपैकी एक मी आहे.

कचऱ्याचंही तेच आहे. नारळाच्या शेंड्या, निर्माल्य, केळीच्या साली, चहाचे कप, पाण्याच्या बाटल्या. पहाटे चारला झाडू घेऊन निघणाऱ्या सफाई कामगाराला विचारा, यातला गावातल्या घरांतला किती. पण त्या कामगारांची संख्या गावाच्या वर्गावर ठरते आणि राज्याच्या १९६५ च्या नगरपालिका कायद्यात वर्ग लोकसंख्येवर ठरतो: एक लाखाच्या वर अ, ४० हजार ते एक लाख ब, त्याखाली क. झाडायचा रस्ता लाखो माणसांचा आणि झाडणारी माणसं काही हजारांच्या गावाची.

पैशाचा रकाना सगळ्यांत घातक. १५ व्या वित्त आयोगानं स्थानिक संस्थांचा पैसा राज्यांना वाटताना ९० टक्के वजन लोकसंख्येला आणि १० टक्के क्षेत्रफळाला दिलं, आणि लोकसंख्या २०११ ची. राज्याराज्यांत तो हिशेब चालून जाईल, कारण एवढ्या मोठ्या छेदात यात्रेकरू विरून जातो. पण हीच रीत गावापर्यंत खाली आणली की तीर्थक्षेत्र दोनदा मार खातं. निधी वाटताना यात्रेकरू मोजत नाहीत म्हणून हाती कमी येतं. खर्च तपासताना दरडोई खर्च जास्त दिसतो म्हणून उधळपट्टीचा ठपका बसतो. बैठकीत ज्या रकान्यावर माना हलल्या तो हाच.

वेरूळ-अजिंठ्याचा प्रश्न जरा वेगळा आहे. तिथं माणूस एका ठिकाणी दिसतो, झोपतो दुसऱ्या ठिकाणी. वेरूळची लेणी आणि घृष्णेश्वर बघायला आलेला माणूस रात्री ३० किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करतो. अजिंठा बघणारे कितीतरी जण जळगावला उतरतात, म्हणजे मुक्कामाचा आकडा मराठवाड्याच्याही बाहेर जातो. गाड्यांचा धूर, प्लास्टिक आणि शौचालयाचा प्रश्न मात्र वेरूळच्या आणि फर्दापूरच्या ग्रामपंचायतीकडे राहतो. पर्यटकांची मोजणी बरीचशी मुक्कामाच्या नोंदीवरून होते आणि पहाटे एसटीनं येऊन दर्शन करून दुपारच्या गाडीनं परत जाणारा कुठल्याच हॉटेलच्या रजिस्टरात नसतो. लेण्यांच्या तिकिटांवरून मोजावं तर पुरातत्त्व खात्याच्या स्थळांवर १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. हिवाळ्यात सहलीच्या एसटी रांगेनं उभ्या असतात, पण त्यातली बहुतेक लेकरं विकलेल्या तिकिटांच्या बेरजेत येत नाहीत. खुलताबादला हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री भद्रा मारुतीला चालत जाणारी तरुण पोरं तर कशातच नाहीत, ना मुक्कामात ना तिकिटात.

आता आमच्या बाजूचीही चूक सांगते, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. यात्रेनंतर आमच्याकडचे लोक सहज सांगतात, इतके लाख भाविक आले. कुणी मोजले? कसे मोजले? गर्दीचा आकडा दरवर्षी गेल्या वर्षीपेक्षा मोठाच असतो. निधी मागताना तो आणखी वाढतो. अशा आकड्यानं छेद फुगवून गुन्ह्यांचा दर खाली आणला तर तीही लबाडीच. रहिवाशांनी भागणं चूक आहे म्हणून मनातल्या संख्येनं भागणं बरोबर ठरत नाही. शिवाय एकच माणूस अनेकदा मोजला जातो, कारण पर्यटनाच्या आकडेवारीत भेटी मोजतात, माणसं मोजत नाहीत. माझी जाऊ दर पौर्णिमेला लातूरहून येते. ती वर्षाला बारा भेटी झाली, डोई एकच.

आणि सरासरीही जपून वापरावी. वर्षभराचे यात्रेकरू ३६५ नी भागले की नवरात्र, पौर्णिमा आणि मंगळवार-शुक्रवार सगळे एका पातळीवर येतात. शौचालय सरासरीच्या दिवसासाठी बांधलं तर कोजागरीच्या रात्री बायांनी कुठं जायचं? नांदेडला २००८ साली शिखांचा गुरु-ता-गद्दी सोहळा झाला तेव्हा त्या वेळच्या केंद्राच्या नागरी योजनेचं बळ मिळालं आणि रस्ते, घाट, पाणी यांची कामं येणाऱ्या माणसांचा अंदाज धरून झाली. तेव्हा कुणी ती दरडोई काढून नांदेडकरांवर उधळपट्टीचा आरोप केला नाही. सोहळा तीनशे वर्षांनी आलेला होता हे खरं. आमच्याकडे तो दर आश्विनात येतो.

मग मी मागते काय? आधी प्रश्न ठरवा, भागाकार नंतर. तुळजापूरच्या रहिवाशाला किती धोका आहे हे विचारायचं असेल तर रहिवाशांवर झालेले गुन्हे घ्या आणि रहिवाशांनी भागा. यात्रेकरूला किती धोका आहे हे विचारायचं असेल तर यात्रेकरूंवर झालेले गुन्हे घ्या आणि ते जितके दिवस गावात होते त्या दिवसांनी भागा. पोलीस किती लागतील, टँकर किती लागतील हा प्रश्न असेल तर भागूच नका, सगळ्यात गर्दीच्या दिवसाचा पूर्ण आकडा समोर ठेवा. तिन्ही प्रश्न खरे आहेत. बैठकीतल्या तक्त्यात तिन्ही एका रकान्यात कोंबले होते.

हे अवघड नाही. ज्या माहितीची गरज आहे ती बरीचशी आधीच कागदावर आहे. फिर्यादीत फिर्यादीचा पत्ता असतो. त्या आळंदच्या बाईचा पत्ता माझ्या डोळ्यांसमोर लिहिला गेला. वर्षभराच्या फिर्यादी काढा आणि बाहेरच्या पत्त्यापुढं तांबडं टिंब द्या. दवाखान्याच्या केसपेपरवर गाव असतं. वाहनतळाच्या पावत्या, एसटीच्या जादा गाड्या, मंदिराचे दर्शन पास, पंपहाऊसच्या मीटरचं रोजचं वाचन, कचरा डेपोवरच्या गाड्यांच्या खेपा, हे सगळं रोज लिहिलं जातं. यातलं एकेक स्वतंत्रपणे अपुरं आहे. सगळं एकाच तारखेला शेजारी ठेवलं तर त्या दिवशी गावात किती माणसं होती याचा कुणाच्या तोंडच्या लाखांपेक्षा भरवशाचा अंदाज निघतो. माझ्या नोकरीत मी पाण्याच्या खपावरून जत्रेचा दिवस ओळखायची, तारीख न बघता.

दुसरं असं की समितीपुढे येणाऱ्या प्रत्येक दरडोई आकड्याखाली एक ओळ सक्तीची करा: अंशात कोण, छेदात कोण, छेद कुठल्या वर्षाचा. एवढी ओळ असती तर त्या दिवशी निम्म्या माना हलल्या नसत्या. आणि ५० हजारांच्या आतल्या गावांना गुन्ह्यांच्या एका वर्षाच्या दरावरून क्रमांक देणं बंद करा. पाच वर्षांचे आकडे एकत्र बघा.

जनगणना जवळ आली आहे, म्हणून घाईनं लिहिते आहे. तिची संदर्भवेळ १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीची. शिरगणती असा जुना शब्द आहे त्यासाठी, मला तो आवडतो. त्या रात्री औंढ्यात आणि परळीत साधा दिवस असेल. महाशिवरात्र येते ६ मार्चला, म्हणजे अवघ्या पाच दिवसांनी, आणि तेव्हा तिथं उभं राहायला जागा नसेल. शिरगणती आपल्या जागी बरोबरच आहे, तिनं रहिवासीच मोजायचे असतात. पण पुढची कितीतरी वर्षं सगळे तक्ते त्याच संख्येनं भागले जाणार. तेव्हा त्याच वर्षात, औंढ्याला आणि परळीला शिवरात्रीला, पैठणला नाथषष्ठीला, तुळजापूरला नवरात्रात आणि कोजागरीला, आणि या चारही ठिकाणी एका साध्या आठवड्यात, आलेल्या माणसांची मोजणी समित्यांनी आपल्या खर्चानं करावी. रहिवाशांची संख्या आणि गर्दीच्या दिवसाची संख्या अशा दोन संख्या प्रत्येक गावाच्या नावापुढं कायमच्या लिहिल्या जाव्यात.

यात माझा उपयोग झाला तर मला बोलवा. पगार नको, चहा पुरे. एका वर्षाच्या फिर्यादी आणि केसपेपर, दोन पोरं हाताखाली आणि तांबड्या पेन्सिलींचा एक डबा एवढं मिळालं तर एका गावाची छाननी मी महिनाभरात करून देते. बेरीज दोनदा तपासून देईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त लिपिक
तुळजापूर, जि. धाराशिव